देशपांडेकाकांचा खडा पडला
मंगळवार, संध्याकाळ. क्युपर्टिनो.

पडला! देशपांडेकाकांचा मुतखडा पडला! मघाशी त्यांचाच फोन आला, "अगं, पडला तुझा खडा!" माझा खडा म्हणे!

आयटीतली नोकरी सोडून मी चिनी वैद्यक शिकायला लागले, तेव्हा सगळ्यात जास्त आमच्या शेजारचे हेच काका हसले होते. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, खडा छोटा आहे, पाणी प्या, वाट बघा. पण कळ सोसवेना, म्हणून शेवटी आमच्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये आले. आमच्या शिक्षिका चेनबाईंनी सगळ्यांसमोर मलाच सांगितलं, खडा का होतो ते यांना समजाव. मग घरच्या किटलीच्या तळाचा पांढरा थर आठवला. म्हटलं, "काका, चिनी वैद्य म्हणतात, ओटीपोटात दमट उष्णता साठते, तिच्यामुळे लघवी आटते आणि किटलीत बसतो तसा क्षार बसतो." बाईंनी मान डोलावली. सुया त्यांच्या देखरेखीखाली मीच टोचल्या, काढाही मीच सुचवला.

आपोआपच पडला असता का? असेलही. पण कळ त्याच दुपारी थांबली होती! आणि ते किटलीचं काका आता भेटेल त्याला सांगत सुटलेत. बाईंना कळवलं, तर म्हणाल्या, पुढचा पेशंट तुझा.

निखिल, माझा नवरा, इतके दिवस 'तुझे ते चिनी काढे' म्हणून चिडवायचा. आज जेवताना हळूच म्हणाला, "यार, माझ्या पाठीला पण सुया टोच ना."

म्हटलं, "आधी अपॉइंटमेंट घे."