चीफ एडिटर, मुक्काम भोकरदन

प्रिय मीना,

मेसेज न करता कागदावर लिहितेय म्हणून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. आमचे हे उद्या दुकानाचा माल आणायला जालन्याला निघालेत. आधी मस्तगडला मीनाच्या हातात पत्र द्या, मग माल बघा, असं बजावलंय. फोनवर तू हल्ली लगेच ‘क्लास आहे’ म्हणतेस, आणि मला जे सांगायचंय ते ऐकायला माणूस निवांत बसलेलं पाहिजे.

तर बातमी अशी, की दिवाळीनंतर काही दिवस तुझी ही मैत्रीण एका आंतरराष्ट्रीय जर्नलची चीफ एडिटर होती. मला स्वतःला ते कळलं पेढ्यांच्या पुड्यामुळं. रविवारी सकाळी मी गच्चीवर डाळ वाळत घालत होते, तर खाली दारात एक तिशीतला माणूस. नाव तातेराव, गाव वाटूर, तिकडच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतो. ‘चीफ एडिटर मॅडमचं घर हेच का?’ मला वाटलं, कुण्या वर्तमानपत्रवाल्याचं घर शोधून राह्यला. त्यानं मोबाईल पुढं केला. ‘वर्ल्ड युनिव्हर्सल जर्नल ऑफ ऑल सब्जेक्ट्स’, ऑफिस लंडन, आणि सगळ्यात वर माझा फोटो. सोमेश्वरच्या लग्नातला. शेजारी उषामावशीचा अर्धा खांदा तसाच. खाली लिहिलेलं, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक, भोकरदन. पुढचं संशोधन टोकियो. सासूबाईंनी ते वाचून घेतलं आणि मला म्हणाल्या, ‘टोकियोला कधी गेल्तीस? मला तर माहेरी चालले म्हणून सांगितल्तंस.’

तातेरावची पक्क्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती. छापलेले पेपर नसले की अर्जाकडं कुणी बघत नाही, हे तुला मी काय सांगावं. छपाईचे पैसे त्यानं भरले होते, पेढे काम जल्दी व्हावं म्हणून. त्याला चहा दिला आणि पेपर वाचायला घेतला. विषय कापूस उत्पादक. कुठून तरी उचललेला, आणि चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला सुगावा लागू नये म्हणून टायपिंगवाल्यानं शब्दाला शब्द बदललेला. गुलाबी बोंडअळीची झाली होती ‘लाजलेली अळी’. पांढऱ्या माशीची ‘गोरी मक्षिका’. ठिबक सिंचनाचं ‘गळकं ओलीत’. आमचे हे फवारणीची औषधं विकतात. ते शांतपणे म्हणाले, ‘लाजलेल्या अळीवर आपल्याकडं काही न्हाई. ती आपली आपण जाईल.’

मी तातेरावला विचारलं, घरी शेती आहे का. ‘कापूसच हाय, मॅडम.’ मग हे काय लिहिलंय म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली. म्हणाला, ‘मी बी पूर्ण वाचला न्हाई. माझे आधीचेही कुणी वाचले न्हाईत. वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’ मीना, तो जे म्हणाला त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं.

तो गेल्यावर मी लंडनला फोन लावला. डॉक्टर डेव्हिड म्हणून कुणीतरी उचलला आणि म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडं लाईट गेली, मंग करतो.’ लाईट आल्यावर त्यानं सांगितलं, की नाव काढायला रिमूव्हल चार्ज पडतो. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नाव राहू द्या, मला काम द्या. त्याला इतका आनंद झाला की विचारू नकोस. आजवर एकाही एडिटरनं काम मागितलं नव्हतं. लगेच पासवर्ड पाठवला. उघडून बघते तर पेपरांचा ढीग, आणि प्रत्येकापुढं दोनच बटणं. एक ‘स्वीकृत’, दुसरं ‘अभिनंदनासह स्वीकृत’. नामंजुरीचं बटण बसवायला डेव्हिडला माणूस गाठावा लागला.

मग मी वाचत सुटले. कॉलेजातून आले की वाचायचं आणि एकेकाला मेल करायचं, की बाबा, तुमच्या शीर्षकात ज्वारी आहे आणि आत सगळीकडे ऊस आहे. एकानं उलट लिहिलं, ‘या जर्नलात मी वर्षानुवर्षे लिहितो, असा अपमान कधी झाला नाही.’ एक प्राचार्य मला रोज गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवू लागले. शेवटी डेव्हिडचा फोन आला. रडकुंडीला आलेला. ‘मॅडम, तुमच्यामुळं धंदा बसून राह्यला. आम्ही तुमचं नाव काढून राह्यलो. फुकटात काढतो.’ दुसऱ्या दिवशी माझ्या जागी एक दाढीवाले गृहस्थ होते. टोकियो मात्र तिथंच.

तातेराव परवा येऊन गेला. त्यानं तो पेपर मागं घेतला आणि स्वतःच्या गावातले लोक बाजारात न जाता दारातल्या व्यापाऱ्याला कापूस का देतात, ते घरोघरी फिरून लिहिलं. भाषा खडबडीत आहे, पण माणूस त्यात दिसतो. मुलाखतीत निवड झाली नाही. ‘पण मॅडम, त्यायनी विचारलं तवा मला बोलता आलं,’ म्हणाला.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पासवर्ड बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा पेपर उघडला. मोसंबीची फळगळ, अंबडकडच्या बागा. पहिल्याच परिच्छेदात कळलं कुणाचा आहे, नाव बघायची गरज पडली नाही. उन्हात डोक्याला ओढणी बांधून तू त्या बागांत फिरलीस, झाडाखाली पडलेली फळं गोळा केलीस, तेव्हा कधीकधी मीही बरोबर होते. चांगल्या जर्नलनं तुझा पेपर वर्षभर ठेवून दोन ओळींत परत केला, तुझी बढती अडकली, तू थकलीस, आणि मला काही बोलली नाहीस. कानावर आलं होतं, तरी मी विचारलंही नाही. एडिटर कोण हे न बघताच तू इथं का पाठवलास हे मला समजतं, म्हणून रागावत नाही. पण हा पेपर मी दोनदा वाचला, आणि तो खरा आहे, म्हणून नामंजुरीचं बटण दाबवलं नाही. लाजलेल्या अळीच्या शेजारी तो छापून आला, तर दुसरीकडं कुठंच जायचा नाही. आज सकाळपर्यंत तो छापलेला नव्हता. पत्र मिळताच त्यांना लेखी कळव, की मागं घेतला. चार्ज मागतील, देऊ नकोस. त्याची प्रिंट पत्रासोबत ठेवलीय, पानांवर मी पेन्सिलीनं शेरे लिहिलेत, भरपूर आहेत, वाचून तुला राग येईल. येऊ दे. रविवारी पहिल्या बसनं मी जालन्याला येतेय. बसून आपण दोघी तो पुन्हा लिहू.

तुझीच,
सुरेखा