शेवटी आलेल्याचा मान

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! ही वही जावईबापूंनी दिली. म्हणाले, आई, थोडं वहीशीही बोला, म्हणजे आमच्या कानांना विसावा. चावट कुठले! मी शिकले चौथीपर्यंत, तीही मास्तरीण आमची आत्या होती म्हणून. तेव्हा चुका काढू नयेत.

लेकीचे दिवस भरत आलेत, म्हणून आले. गाव म्हणजे डोंगराला टोपी घालावी तशी चारी बाजूंनी तटबंदी. बस खालीच सोडते. पायऱ्या मोजायला लागले, ऐंशीनंतर चुकले. घराची मागची भिंत म्हणजे खुद्द तटच. पूर्वी जिथून बाण मारायचे त्या झरोक्यात आमच्या लेकीने साबणाची डबी ठेवली आहे! शत्रू आला तर फेस करून पळवेल.

गल्लीतले सगळे मला बघून गेले. प्रत्येकाने एकच विचारलं, तुमच्यामागून आणखी कोणी वर आलं का? नाही म्हटलं की मान डोलवायचे. इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

गुरुवार, ६ तारीख

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आहेत, सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात. डोळ्याला भिंग लावून चाकं फुंकत बोलतात. सांगत होते, गाव चारदा जिंकलं गेलं. आधी घोडेस्वार आले, मग तोफवाले, मग समुद्रापलीकडचे, आणि ते लहान असताना लॉऱ्यांतून आलेले. तटाचा मात्र एक दगड हलला नाही. मी म्हटलं, कसं बाई? तर दरवेळी भर दुपारी पश्चिमेच्या दारावर थापा पडतात. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी गाव आपणच दार उघडतं. जो उघडतो त्याला ते ठेवून घेतात, बाकी कोणाच्या केसालाही धक्का नाही.

उघडायचं कोणी? गावात जो सगळ्यात शेवटी आला त्याने. दुसऱ्याच्या हाताला ते दार दाद देत नाही म्हणे. पहिल्यांदा नवी नवरी होती, मग तट दुरुस्त करायला आलेला गवंडी, मग एक वैद्य. चौथं कोण, तर आजोबा चाकच फुंकत बसले.

मी म्हटलं, म्हणजे आता मान माझा! सगळे हसले. सगळ्यात जास्त मीच.

येताना ते दार बघून आले. बाहेर रस्ताच नाही. कधीचा ढासळलाय, सरळ कडा आहे. तिथे थाप मारायची तर पाखरानेच मारावी.

मंगळवार, ११ तारीख

दुपारी बारा वाजता तीन थापा पडल्या. फळीवरची भांडी खणखणली. मला वाटलं सुतार असेल. पण गल्लीतल्या खिडक्या पटापट बंद झाल्या. संध्याकाळी लोहार पश्चिमेच्या दाराच्या अडसराला तेल लावत होता. कशाला रे बाबा, म्हटलं. मान वर न करता म्हणाला, लेकीला अजून किती दिवस आहेत?

आवडलं नाही मला ते विचारणं.

बुधवार, १२ तारीख

सकाळी नऊला नात झाली! केवढं जावळ! नाक थेट माझं, बिचारीचं नशीब.

बायका बघायला आल्या. तोंड कोणीच बघितलं नाही. लोहारणीने तिची मूठ बोटाने उघडली, पंजा बघितला आणि हळूच म्हणाली, पुरेल.

दुपारी परत थापा. कालच्यापेक्षा जोरात.

घड्याळजींना जाऊन धरलं. चौथं कोण होतं, सांगा. भिंग काढलं त्यांनी. आठ दिवसांची त्यांची बहीण. तिचा हात धरून अडसरावर टेकवला. गावात तीनशे माणसं आहेत, आजी, म्हणाले.

माझ्यानंतर आता नात आलीय.

जावईबापू टपाल आणायला खाली गेलेत. फोन आला, रस्ता अडवलाय, कोण आहेत कळत नाही, टोप्या भलत्याच — आणि फोन बंद. लेकीला धड उभं राहवत नाही. कुठे नेऊ दोघींना?

गुरुवार, १३. सकाळ

सुचलं! आपण पूर्वेच्या कमानीतून, पायऱ्या चढून आले त्याच वाटेने, बाहेर जायचं आणि परत आत यायचं. म्हणजे शेवटची मीच. घड्याळजींना विचारलं, चालेल ना? म्हणाले, एकाने कितीदा यावं याचा नियम नाही.

लेकीला काही सांगितलं नाही. ती झोपलीय. नातीचा मुका घेतला. दुधाचा वास.

अकरा वाजता

गेले. आले. लोहाराने बघितलं, हात जोडले. आता मीच शेवटची. पश्चिमेच्या दारापाशी बसलेय, वही मांडीवर. अडसराला हात लावला, कोमट आहे. पलीकडून कोणी तळवा टेकवल्यासारखा.

पावणेबारा

गाव जमलंय. पलीकडे पावलं. खूप. तिथे जमीनच नाही, आणि पावलं —

भीती वाटतेय. फार. पण ती वाचेल —

बारा

थाप. उठले. सगळे माझ्याकडे बघतायत — नाही, माझ्या मागे —

लेक. कडेला भिंत धरून. छातीशी बाळ. धापा टाकतेय. आई कुठे गेलीस, म्हणते, गावभर शोधलं, कमानीबाहेर पहिल्या वळणापर्यंत जाऊन आले —

बाहेर जाऊन. आत्ता परत आत. दोघी. माझ्यानंतर —

नको. मीच उघडते. आधी. लवकर —

ओढतेय. दोन्ही हातांनी ओढला. तेल लावलेला अडसर, तसूभर हलत नाही. माझ्या हाताने नाही —

वही दारावर टेकवलीय, दार थरथरतंय. लेक ओरडतेय. लोहार तिच्या हातातून बा