सुमीच्या गाडीची वायर

४ नोव्हेंबर, मंगळवार
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. गणपतीला येऊन हैद्राबादहून परत नागपूरला जाताना लेकीनं, सुमीनं, ही वही हातात ठेवली होती. "नाना, रोज दोन ओळी लिहा, मी आल्यावर वाचीन." दिवाळीच्या आधीपासून एक अक्षर नाही. काय लिहू? बी.पी.ची गोळी घेतली, भाजी आणली. सातवी शिकलेल्या माणसाकडं रोज दोन ओळी कुठून येणार.
आज लिहितोय त्याला कारण आहे. सुमीच्या गाडीची नोंदणी महिनाअखेर संपते. नवी करायची तर आरटीओ ऑफिसचे साहेब गाडी तपासणार, आणि त्याआधी पीयूसी पाहिजे. धुराच्या चाचणीत गाडी पास झाली नाही तर पुढं काहीच नाही. भंगार.

५ नोव्हें.
गाडीवरचा कपडा काढला. आत सगळं ती चार वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीवर गेली तेव्हाचं, तसंच. स्टेअरिंगखाली डावीकडं तो लोखंडी दांडा. ओढला की रेस, ढकलला की ब्रेक. पोलिओनं सुमीचे दोन्ही पाय लहानपणीच गेले, म्हणून मेकॅनिक खाजाभाईनं गाडी नवी असतानाच बसवून दिला होता. दांड्यावर तिनं गुंडाळलेली निळी फीत मळलीय. धुवावी का? नको. तशीच असू दे.
सौ. दारातून म्हणाली, "देवापुढं दिवा लावायचा विसरता. गाडीवर कपडा टाकायचा मात्र विसरत नाही."

७ नोव्हें., शुक्रवार
विद्यानगरच्या पेट्रोल बंकावर पीयूसीची व्हॅन उभी असते. तिथवर गाडी मीच नेली, हळूहळू. खालचे पेडल आहेत अजून, मला पायानंच येते. तीही सुमीनंच शिकवली. जिनं आयुष्यात पायानं ब्रेक दाबला नाही तिनं मला पायानं गाडी शिकवली.
व्हॅनवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. मशीनकडं बघत राहिला. "तातगारू, रेस दिगडं लेदु." रेस खाली बसत नाही म्हणे. ती बसत नाही तोवर धूर कमी येणार नाही. फेल.
बंकाच्या कठड्यावर बसून पाणी प्यालो. त्यानं विचारलं, घरी कुणाला फोन करू का. नको म्हटलं.

९ नोव्हें., रविवार
सुमीचा निरोप आला, नेहमीसारखा बोललेला. सौ.ला मोठ्यानं लावून ऐकवला. बँकेनं बदलीचा अर्ज घेतलाय. झालं तर संक्रांतीनंतर हैद्राबाद, कोठीची शाखा. सौ.नं लगेच देवापुढं साखर ठेवली.
शेवटी म्हणते, "आणि नाना, ती गाडी विकून टाका बरं. मी नाही चालवणार आता."
बदली हवी आणि गाडी नको, हे कसं? मग कोठीला जाणार कशानं? ऑटोवाल्याच्या खांद्यावर हात टाकून?
विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि पुन्हा 'विका' म्हणाली तर...

११ नोव्हें.
गाडी दिलसुखनगरला खाजाभाईकडं दिली. त्याचीही दाढी पांढरी झाली. बॉनेट उघडून म्हणाला, "चाचा, परसोंच तो आई थी ये गाडी." त्याचं परसों म्हणजे चार-पाच वर्षं. प्लग, फिल्टर, ऑइल सगळं नवं घालतो म्हणाला. जुनं पेट्रोल काढलं, त्याला वास येत होता.

१३ नोव्हें.
पुन्हा व्हॅनपाशी. या वेळी खाजाभाई बरोबर. पुन्हा फेल. आकडा थोडा उतरला, पुरेसा नाही.
परत येताना मला आठवत होतं, सुमी पहिल्यांदा गाडी घेऊन निघाली तो दिवस. मला जामबागला शाळेच्या फाटकाशी सोडायला आली. मी तिथं शिपाई. आतून हेडमास्तर बघत होते. मी मागच्या सीटवरून उतरलो. मीच का मागं बसलो होतो कोण जाणे, घाबरलो असेन. ती काच खाली करून म्हणाली, "नाना, डबा राहिला."

१५ नोव्हें., शनिवार
सापडलं. खाजाभाईनं बोलावून दाखवलं. दांड्यापासून इंजिनापर्यंत जाणारी वायर ताणलेली आहे. गाडी उभी असली तरी रेस थोडी चढलेलीच राहते.
"इंजन में कुछ नक्को ढूंढो चाचा. येइच है."
"मग ढिली कर."
"करता. मगर फिर बेबी कू जोर से खींचना पडता. बेबीच बोली थी ना, दो उंगली में चलना बोलके." बेबी म्हणजे सुमी, त्याच्यासाठी अजूनही.
मग इतकी वर्षं पीयूसी कसं मिळालं? तर चाचणीच्या दिवशी हा वायर ढिली करायचा, नंतर पुन्हा ताणायचा. चार-पाच वर्षांत तोच विसरून गेला होता. सुमीला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. या वेळी तसं नको, तोच म्हणाला. साहेब लोक गाडी पुन्हा तपासतील, आणि वायरही जुनी झालीय, एवढी ताणून ठेवायला भीती वाटते.
दांडा काढून टाकला तर गाडी सरळ पास होईल. हेही तो म्हणाला, पण माझ्याकडं न बघता. नको म्हटलं. आवाज चढला माझा. त्यानं चहा मागवला.

१६ नोव्हें., रविवार
सुमीचे जुने निरोप बघत बसलो. पूर्वी टाइप करायची, लांबलचक. माझं शुद्धलेखनही दुरुस्त करायची. पावसाळ्यापासून सगळे बोललेले. मला वाटायचं, बापाला वाचायचा त्रास नको म्हणून.
सौ.ला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.
"गणपतीत बोलली होती मला. डावा हात भरून येतो म्हणाली. फोन धरवत नाही फार वेळ. डॉक्टर म्हणतात, पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं."
"मला का नाही सांगितलं?"
"नानांना सांगू नकोस म्हणाली, ते झोपणार नाहीत."
उतारवय! त्रेचाळीसचं वय ते. उतारवय माझं आहे.

१७ नोव्हें.
झोप लागली नाही. बरोबर ओळखते पोरगी.

१८ नोव्हें.
खाजाभाईकडं. वायर ढिली करून घेतली. रेस खाली बसली, इंजिन इतकं शांत की मी दोनदा विचारलं, चालू आहे ना. मग दांड्याला पिशवी लटकवून बघितली. पूर्वी खाजाभाईच्या जेवणाच्या डब्यानंसुद्धा रेस चढायची. आता किलोचा साखरेचा पुडा घालावा लागला.
किलो. सुमीच्या हातानं.
मी खाली बसलो. खाजाभाई माझ्याजवळ उकिडवा बसला. "हल्लू चाचा. रस्ता है. दांडा लंबा करा तो वजन आधा. मगर उत्ता दूर बेबी का हाथ पहुंचना. बुलाओ उसकू, बिठाके नाप लेता."
"नागपूरला आहे ती."
"तो पूछो ना!"
म्हणणं सोपं आहे.

२० नोव्हें.
दांडा काढून खाजाभाईनं फळीवर ठेवलाय. कापून जोड कुठं द्यायचा ते माप कळल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतो. निळी फीत मी घरी आणली. सौ.नं न विचारता धुवून टाकली. रागावणार होतो. वाळल्यावर बघितलं, आतून अजून चांगली निळी आहे.
तिला म्हटलं, सुमीला तू विचार. तर म्हणते, "तुम्ही विचारा. मुलगी आहे, कलेक्टर नाही."

२२ नोव्हें., शनिवार
सकाळी निरोप पाठवला. तिच्यासारखाच, बोलून. बोललो, पुसलं, पुन्हा बोललो. शेवटी जे गेलं ते असं:
"सुमे, मला हाताचं कळलंय. आईवर रागावू नको. गाडी मी विकली नाही. घरात साखरेचा किलोचा पुडा असेल, तो पिशवीत घाल आणि खुर्चीत बसून डाव्या हातानं उचल. नाही उचलला तर अर्धी साखर काढून बघ. हात कुठवर लांब जातो तेही बघ. अर्धाही नाही उचलला तरी तसं सांग. मी झोपेन."
दुपारी दोन निळ्या रेघा आल्या. म्हणजे ऐकलंय. उत्तर नाही.
सौ. म्हणते, शनिवार आहे, बाजारात गेली असेल. साखर आणायला का, मी विचारलं. ती हसली नाही.
संध्याकाळी खाजाभाईचा फोन, "काटना या नै?" थांब म्हटलं, दांडा बसल्याशिवाय गाडी तपासायला न्यायची नाही. महिना संपत आला, हे तोही जाणतो, मीही.
फोन वहीशेजारी ठेवलाय. सुमे, ही वही तू वाचशील तेव्हा काय ते ठरून गेलेलं असेल. पण आज मला काही माहीत नाही. उचलला की नाही, एवढंच सांग. लवकर कळव गं.