पोरगी एक

माय, तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि मी या वयात तुझं नाव शोधत तालुक्याला हेलपाटे घालतो आहे. सातवीपर्यंतच शिकलो, त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. दोनदा कागद फाडला.

सुरुवात नातीने केली. ती यवतमाळला कॉलेजात इतिहास शिकते. दिवाळीत आली तेव्हा अंगणात बसून मोबाइलवरचं वाचून दाखवत होती. अमेरिकेत पूर्वी माणसं विकत घेऊन गुलाम ठेवायचे. त्यांची पणतवंडं आता आपले पूर्वज शोधतात, तिथल्या लहान लहान गावांच्या कचेऱ्यांतल्या जुन्या कागदांत. मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. घोडे, नांगर, पलंग, आणि त्यांच्याच रांगेत माणसं. कुठे नुसतं हाक मारायचं नाव, कुठे तेही नाही, बाई की पुरुष आणि वय, एवढंच. मी म्हटलं, "आपल्याकडे बी होतं तसं." ती हसली. "आपल्याकडे कुठचे गुलाम, आबाजी?" तेव्हा तिला तुझं सांगितलं. तू आठ-नऊ वर्षांची असताना मालकीणबाईंच्या लग्नात आंदण म्हणून त्यांच्याबरोबर मालकांच्या घरी आलीस. बाईंचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललं. तुझंही त्याच दिवशी बदललं, नुसती हाक मारून. त्या हाकेला ओ देत तू त्यांचं पाणी भरलंस, त्यांची बाळंतपणं काढलीस, आणि त्याच घरच्या गड्याशी तुझं लग्न लावलं, तो माझा बाप. नातीने मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "मंग तिचं आंधीचं नाव काय होतं?" मी म्हटलं, "शोधू."

आधी मालकांच्या धाकट्या मुलाकडे गेलो. लहानपणी आम्ही गोट्या खेळलो. आता दोघांचेही गुडघे गेले. खुर्ची दिली, चहा सांगितला. काय विचारतो आहे हे कळल्यावर हसला. "अबे, या वयात मायचं नाव शोधून राह्यला? पेन्शन लागनार हाय का तुले?" माणूस वाईट नाही. आत जाऊन आईच्या लग्नाचे कागद घेऊन आला. आंदणाची यादी निघाली. तो मोठ्याने वाचू लागला. गाय वासरासह एक. पितळी घंगाळं दोन. शिसवी पलंग एक. पोरगी एक. तिथे थांबला. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "चहा थंडा होऊन राह्यला तुहा." पुढे समया होत्या, त्या मी वाचल्या. अमेरिकेतल्या मालकांनी कुठे कुठे नाव तरी लिहिलं होतं, माय.

बाईंचं माहेर नेरच्या बाजूचं. तूही त्यांच्याच गावची असशील म्हणून तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला. आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स नेल्या, एक हरवली तर, दुसरी भिजली तर. कोतवाल बुक म्हणून गावची जुनी वही असते. कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवालाने कळवायचं आणि तिच्यात लिहिलं जायचं. खिडकीतली बाई म्हणाली, "बाबाजी, नाव सांगा, तवा शोधता येईन."

"नावच तं शोधून राह्यलो, बाई."

रांगेतला एक जण खिदळला. "आजोबा, कायले टाइम खाता?" बाईने त्याला गप्प केलं आणि मला आत बोलावलं. पानं पापडासारखी झालेली. तुझ्या जन्माच्या म्हणून अंदाजाने धरलेल्या दोन वर्षांत त्या गावात अकरा मुली जन्मल्या. अमक्याला मुलगी, तमक्याला मुलगी. मी विचारलं, "अन् पोरीचं नाव?" ती म्हणाली, "बारशाच्या आंधीच नोंद व्हायची, बाबाजी. नाव नाही राहात याच्यात." तरी अकराही बापांची नावं मी तिला वाचायला लावली. प्रत्येक नावाला मनात म्हणत होतो, हा माझा आजा असेल का? "कोनाची नक्कल देऊ?" तिने विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून पुढचं लिहितो.

बाई वारल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस. मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका कारखान्यात कामाला होतो. सकाळची वेळ आहे, तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, आणि मला फाटक बंद होण्याची धास्ती. उशीर झाला की दिवसाची मजुरी जायची. तू हात न थांबवता म्हणतेस, "बापू, माहं आंधीचं नाव सांगू का तुले? आता मले त्या नावानं वळखनारं कोनी उरलं नाही." आणि सांगतेस. मी घास तोंडात टाकून जोड्याचा बंद बांधतो आहे. तू विचारतेस, "कसं वाटते?" मी म्हणतो, "माय, भाजीत मीठ कमी हाय." तू हसलीस आणि मिठाचा डबा पुढे केलास. दोन अक्षरांचं होतं की तीन, तेही आठवत नाही. तुझा हात आठवतो, पिठाने भरलेला. त्यानंतर वर्षभरही तू राहिली नाहीस. मृत्यूची नोंद करायला मीच गेलो, आणि बाईंनी ठेवलेलं नाव लिहवून आलो.

कचेरीतून परतताना एसटीत नातीचा फोन आला. काही सापडलं नाही म्हटल्यावर ती मलाच समजावू लागली. "आबाजी, जिवाले लावून घेऊ नका. तुमाले कोनी सांगतलंच नाही, तं तुमची काय चूक?"

मी म्हटलं, "हाव, बेटा."