जाम केलेलं फ्रीव्हील

चिखलदरा, गुरुवार

ती. बाबा, जयभीम.

फोनवर तुमी नुसतं हूं हूं करून आईच्या हाती फोन देता, म्हणून कागदावर भांडून राहिली.

इथं सरावाले निघायच्या आधी माही चेनवाली एकचाकी सायकल तुमी आपल्या सायकलच्या दुकानात नेली. तेल घालतो म्हणाले. सोमवारी इथं पहिल्यांदा काढली. घाटाच्या उतारावर पाय थांबवले, तं पेडल थांबलेच नाहीत! चाकासंगं गरगर फिरले अन् मले फेकून दिलं. गुडघा सोलला, बाकी ठीक आहे. आईले सांगू नका.

खोलून पाहिलं तं पाय थांबले तरी चाक मोकळं फिरू देणारं फ्रीव्हीलच वेल्डिंग करून जाम केलेलं. इतकं सुबक वेल्डिंग आपल्या बार्शीटाकळीत दुसरं कोण करते? पाय फिरतील तितकाच वेग राहावा, पोरीनं जोरात उतरू नये म्हणून केलं ना? मग सांगितलं काहून नाही? वेग सांभाळाले ब्रेक होता ना!

परतवाड्याहून नवं फ्रीव्हील आणून मीच बसवलं. तुमच्याच दुकानात शिकली ते. आज पाय न हलवता, ब्रेकवर बोट ठेवून खालपर्यंत आली.

बीपीची गोळी घेता ना?

यापुढं भेव वाटलं तं मले सांगा. माह्या चाकाले हात लावू नका.

अजून रागातच असलेली तुमची,
दीपमाला