मोठ्यानं केलेली प्रार्थना

नाशिक, शरणपूर रोड
१७ नोव्हेंबर १९७९

चि. सावळीराम यास,
रंगूअक्काचा प्रभूमध्ये स. सलाम. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, गुडघे सोडून. पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीला सांगितलंय, की नाताळपर्यंत प्रत्येकानं निदान एका माणसाला प्रभूची ओळख करून द्यायची. मी शेजारच्या सगुणाबाईला धरलंय. नळावर, गिरणीत, पापड लाटताना, कुठंच सोडत नाही. ती म्हणते, रंगू, तुझा देव चांगला आहे गं, पण त्यालाही जरा बोलू देत जा.

तिची लेक सिंधू दिवाळीला आली ती निफाडला सासरी परत गेलीच नाही. नवऱ्याशी बिनसलंय. सगुणानं मला एकटीला रडत रडत सांगितलं. मग बुधवारी घरी प्रार्थनासभा होती, तेव्हा मी सिंधूसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. बाया ढसाढसा रडल्या. फुलाबाई तर दोनदा आमेन म्हणाली! पण परवापासून सगुणा माझ्याशी बोलत नाही. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काय बिनसलं, देव जाणे.

पोरांना पापा. अक्काची आठवण असू द्यावी.
तुझी रंगूअक्का


येवला
२१ नोव्हेंबर १९७९

ती. रंगूअक्कास,
धाकट्या सावळीरामचा स. सलाम. वि. वि.

काय बिनसलं ते मी सांगतो. तू सिंधूचं नाव घेतलंस, गाव घेतलंस, आणि मी तुला ओळखतो, सासूचंही घेतलं असशील. अगं, देवाला निफाडचा पत्ता लागतो का? पत्ता फुलाबाईला लागला. आता सगळ्या आळीला लागला असेल.

आणि कमाल म्हणजे हे सगळं तू उघड्या पोस्टकार्डावर लिहिलंस! आमच्या पोस्टमननं कार्ड देताना मला विचारलं, की सर, त्या मुलीचं पुढं काय झालं? यापुढं इनलँड वापर आणि कडा नीट चिकटव.

तुझी भावजय सलाम सांगते. राग आला तरी माया पातळ करू नकोस.
तुझा सावळीराम


नाशिक
२५ नोव्हेंबर १९७९

चि. सावळीराम यास, सलाम.

मोठा शहाणा लागून गेलास! मी फुलाबाईला एक अक्षर सांगितलं नाही. मी देवाशी बोलत होते. तिनं कान बंद ठेवायचे होते. आणि सासूचं नाव मी फक्त एकदाच घेतलं.

असं मी तुला लिहिणार होते, तेवढं लिहून झालं. आता खरं सांगते. काल नळावर एका बाईनं सिंधूलाच विचारलं, की नवऱ्यानं टाकली का गं तुला? पोरगी भरली कळशी तिथंच टाकून घरात पळाली. सगुणानं माझ्याकडं नुसतं बघितलं. सावळ्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं रे. मला जेवण जात नाही. सगुणा नाही तर मी बोलू कुणाशी? काहीतरी सुचव.
रंगूअक्का


येवला
२८ नोव्हेंबर १९७९

ती. अक्कास, सलाम.

जा आणि माफी माग. जिथं पोरीची अब्रू गेली तिथंच, चारचौघींत. पदराखाली पुस्तिका नेऊ नकोस, बायबलातलं वचन म्हणू नकोस, आणि माफी मागताना देवाचं नाव मध्ये आणू नकोस. चूक तुझी आहे, त्याची नाही. आम्ही दोघं तुझ्यासाठी प्रार्थना करतोय, दार लावून.
सावळीराम


नाशिक
९ डिसेंबर १९७९

चि. सावळीराम यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नळावर गेले. सगळ्या बाया होत्या, फुलाबाईसुद्धा. म्हटलं, सगुणानं विश्वासानं सांगितलेलं मी बोलून टाकलं, प्रार्थनेच्या नावाखाली चहाडी केली, चूक माझी आहे. एवढंच. आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान भाषण. सगुणानं हंडा उचलला आणि निघून गेली. मी घरी येऊन रडले.

चार दिवसांनी, काल दुपारी, ती आपणहून आली. चहा घेतला नाही. म्हणाली, उद्या जावई बोलणी करायला येतोय, माझं काळीज थाऱ्यावर नाही, तुझ्या देवाला सांग. पण मनात सांगायचं. तोंडातून ब्र निघाला तर मी उठून जाईन.

अरे, मला मनात करताच येईना! वयाची पंचावन्न वर्षं झाली, पण गप्प बसून प्रार्थना कधी केलीच नव्हती. एकदा हळूच डोळे उघडले, तर ही बया माझ्या ओठांवर पहारा देत बसलेली. शेवटी आमेनसुद्धा मनातच म्हटलं.

मग तिलाच राहवेना. विचारायला लागली, की एवढा वेळ काय मागत होतीस? मी खरं ते सांगितलं, की सिंधूचं निघालंच नाही गं. सगुणानं उठून जाऊ नये, एवढंच पुन्हा पुन्हा मागत होते.

ती दिवेलागणीपर्यंत बसली.

पाकीट डिंकानं चिकटवलंय. आमच्यावरची माया अशीच राहू दे.
तुझी रंगूअक्का