सहा एमएमची प्लेट

चोपडा,
१२ नोव्हेंबर १९९१

प्रिय छगन,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण वीस वर्षांची सवय आहे, सुटत नाही.

अभिमनचं वेल्डिंग सुटलं, असं तू धुळ्यात सांगत फिरतोस. मला ते बसस्टँडवर एका परक्या माणसाकडून कळलं. लाज कशी वाटली नाही रे? मी अनेर नदीच्या पात्रात जाऊन प्लेटचा तुटका तुकडा उचलून आणलाय. माझा सांधा जसाच्या तसा आहे. फाटलीय ती प्लेट, बोल्टांच्या भोकांपासून, भाकरी मोडावी तशी.

जीपला पुढे, रुतलेल्या गाड्या दोरानं ओढायचा विंच बसवायचा म्हणून तू आलास, तेव्हा मी काय म्हणालो होतो? दहा एमएमची प्लेट घे, मागून त्रिकोणी आधार देऊ, चासीला दोन्ही बाजूंनी धरू. तू हसलास. "जीपचं नाक जड होईल, स्प्रिंगचे पाटे बसतील. सहा पुरे. मला काय डोंगर ओढायचाय?" मी म्हटलं, विंच वजन बघत नाही, अडकलेलं बघतो. वाळूत रुतलेली गाडी तिच्या वजनापेक्षा जास्त ओढ घेते. तू ऐकलं नाहीस. उलट दुकानातल्या लोकांसमोर म्हणालास, अभिमन म्हातारा झाला, घाबरतो.

आणि अनेरच्या वाळूत रुतलेला, केळीनं भरलेला ट्रक ओढायला निघालास! स्वतः स्टिअरिंगवर बसलास आणि आपल्या ड्रायव्हरला, पुनाला, दोराजवळ उभं केलंस. प्लेट फाटली, विंच उडाला, त्याचा गुडघा गेला. पाय मांडीपासून कापला, छगन. दवाखान्यात तू एकदाच आलास, तेही चप्पल न काढता दारातूनच परतलास.

काल पुना कुबड्यांवर माझ्या दुकानात आला. मंदाबाई, त्याची बायको, मागे उभी होती. त्यानं तो तुकडा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "भाऊ, तुमले म्हाईत व्हतं ना?"

तुझं नाव पुढे करणार होतो, केलं नाही. सहाची प्लेट कापली मीच. भोकं मीच पाडली. 'घाबरतो' हा एक शब्द सोसला नाही म्हणून. मी त्याला "हो" म्हटलं. त्यानं तुकडा माझ्या हातात परत ठेवला. मंदाबाईनं माझ्याकडे पाहिलं, ते मात्र मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात तो धुळ्याला येतोय, तुझ्या दारी. तुलाही हेच विचारणार आहे. वेल्डिंगचं नाव घेऊ नकोस. एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझाच, अजून तरी,
अभिमन